चार मेंढ्या आणि एक ठिपका

वळवण रस्ता, लोणावळा
२९ नोव्हेंबर १९७८

चि. श्रीरंग यास,

मनूआत्याचे अनेक आशीर्वाद. तू, सूनबाई आणि छोटी सुखरूप असालच. तिकडे बर्फ सुरू झाला असेल तर कानटोपी घालत जा, लाजू नकोस. तुझे कान तुझ्या वडिलांसारखे बाहेर आहेत आणि त्यांना वारा आधी लागतो. माझी विचारशील तर गुडघे सोडून सगळे ठणठणीत आहे. दात स्वतःचे, डोळे स्वतःचे आणि मत तर पहिल्यापासून स्वतःचे.

तुझे पत्र परवा पोहोचले. माणूस वडीलधाऱ्यांना पत्र लिहितो तेव्हा आधी शिरसाष्टांग नमस्कार लिहितो, मग हवापाणी, मग काय ते काम. तू पहिल्याच ओळीत विचारलेस की, आत्या, पोलीस खरेच घरी आले होते का? अमेरिकेत वेळेची टंचाई असते हे मी ऐकून आहे, म्हणून मनाला लावून घेत नाही. आले होते. म्हणजे पोलीस नव्हे, पोलीस पाटील आले होते. पोलीस पाटील म्हणजे गावात तंटाबखेडा झाला तर दोन्हीकडचे ऐकून घेणारा गृहस्थ. डोक्याला पटका, पायात करकर वाजणाऱ्या वहाणा, हातात बेडी नाही आणि काठीसुद्धा म्हशी हाकण्यापुरती. तुझ्या आईने पुण्याला जाऊन तुला लिहिताना 'पाटील' तेवढे गाळले आणि 'पोलीस' तेवढे ठेवले. (तुझी आई देवमाणूस आहे, हे मी आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे मी काहीही लिहिले तरी तुला आठवण राहील.)

तुझ्या बाकीच्या चार पानांचा अर्थ मी असा लावला. मी घरात भरवलेला पत्त्यांचा अड्डा (हा शब्द तुझा) बंद करावा. तू मोठ्या हौसेने पाठवलेल्या टीव्हीवरच्या खेळाच्या यंत्रात मन रमवावे. आणि हे जमणार नसेल तर तू नाताळात येशील तेव्हा घराला कुलूप घालून मला पुण्याला तुझ्या आईच्या फ्लॅटवर ठेवशील, म्हणजे तुझ्या जिवाला घोर नाही. घर निम्मे तुझे आहे हे तू कुठे लिहिले नाहीस, तो तुझा चांगुलपणा. पण मी सारी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आहे, माणूस जे बोलत नाही तेही मला स्वच्छ ऐकू येते. माझे उत्तर नाही असे आहे. तिन्हीला नाही. आता काय घडले ते सविस्तर लिहिते. (माझे मराठी कॉन्व्हेंटातले आहे असे तुझे वडील चिडवत. कॉन्व्हेंटात मराठी नव्हतेच, म्हणून तर ते बिघडले नाही.)

प्रथम हा अड्डा कोणाचा ते ऐक. महिपती रेल्वेत सांधेवाला होता, आता पेन्शनीत निघाला. कान्ह्याला राहतो आणि दुपारच्या लोकलने येतो. तो माझा भिडू. समोरच्या जोडीत विठाबाई, जिच्या घरून मला दूध येते आणि जिची भाताची खाचरे वळवणच्या पलीकडे आहेत. आणि तिचे भिडू निवृत्ती मास्तर, हे पोस्टमास्तर होते. नाव निवृत्ती, त्यातून निवृत्त, त्यामुळे उतारी करायलाही त्यांना घाई म्हणून नसते. त्यांच्याशी मी एकदा बुद्धिबळ खेळून पाहिले. त्यांची खेळी येईपर्यंत मी भाजी चिरली, फोडणीला टाकली, उतरवली आणि परत येऊन बसले, तरी त्यांचे बोट उंटावरच होते. म्हणून आम्ही पत्त्यांवर आलो. कॅरम होता, पण लोणावळ्याच्या दमट हवेने पाटाला असा बाक आला की सोंगटी कुठूनही मारा, ती आपली विठाबाईच्या कोपऱ्यात जाते. विठाबाई म्हणते पाट चांगला आहे. सापशिडी विठाबाईने एका बैठकीत सोडली, कारण नव्याण्णववरून साप खाली आणतो हे तिला मान्य नाही. 'येवडं चडून गेल्यावर कोन खाली घालतं व्हय? आमच्या गावात असं न्हाई.' राहता राहिले पत्ते. तेही श्रावणात पापडासारखे फुगतात आणि मी ते शेगडीवर चाळणीत घालून वाळवते. इस्पिकचा एक्का एकदा जास्त भाजला गेला. तेव्हापासून तो सगळ्यांना पाठीवरूनच ओळखू येतो, पण सगळ्यांनाच येतो म्हणून तो अन्याय धरत नाही.

आणि आम्ही खेळतो मेंढीकोट. तू लहानपणी सुट्टीत इथे येऊन खेळला आहेस, पण तू विसरला असशील (माणूस तिकडे गेला की आधी शेजाऱ्यांची नावे विसरतो, मग पत्त्यांचे नियम), म्हणून सांगते. यात दश्शीला मेंढी म्हणतात. चार रंगांच्या चार मेंढ्या. ज्या जोडीच्या हातात जास्त मेंढ्या येतील ती जिंकली, आणि चारही आल्या तर समोरच्यावर मेंढीकोट चढला, ज्याच्यासारखी नामुष्की मावळ तालुक्यात दुसरी नाही. एक पत्ता हुकूम म्हणून पालथा घालून ठेवायचा, त्याला बंद हुकूम म्हणतात. आपल्याकडे रंग नसला की तो हुकूम उघडायचा आणि समोरच्याची मेंढी कापायची. एवढे ध्यानात ठेव, कारण पुढचा सगळा गोंधळ याच शब्दांनी केला आहे. मी नाही.

झाले असे की त्या शनिवारी मी आणि महिपतीने विठाबाईवर मेंढीकोट चढवला. आमची चंपा, जी भांडीधुणी करते आणि जिच्या पोटात पाणीसुद्धा दुपारपर्यंत टिकत नाही, तिने रविवारी सकाळी पिठाच्या गिरणीत दहाबारा बायकांसमोर सांगितले की आमच्या बाईंनी काल विठाबाईच्या चारी मेंढ्या कापल्या, विठाबाई रडायचीच काय ती बाकी राहिली. आता एरवी कोणी लक्ष दिले नसते. पण कार्तिक महिना. धनगर मंडळी कळप घेऊन घाट उतरून कोकणात चाललेली, वाटेत खतासाठी शेतकरी त्यांना शेतात बसवून घेतात. बहिरू नावाच्या धनगराचा कळप त्याच आठवड्यात विठाबाईच्या खाचरात बसला होता. आणि शनिवारी त्यातल्या मेंढ्या कमी भरल्या. किती? चारच. देवाला सुद्धा विनोद करायला हाच आकडा सापडला.

इकडे रविवारी सकाळच्या गाडीने तुझी आई तुझे यंत्र घेऊन हजर. ते तिने मांडीवर असे धरून आणले होते की मला वाटले नातू झाला. तू मागच्या वर्षी घेऊन दिलेल्या टीव्हीला (ज्यावर इथे मुंबईही दिसत नाही आणि पुणेही दिसत नाही, फक्त मुंग्या दिसतात) तिने वायर जोडली, सूचनांचा कागद मोठ्याने वाचला आणि दुपारी अड्डा जमल्यावर सर्वांना समोर बसवले. पडदा काळा. दोन बाजूंना दोन पांढऱ्या काठ्या. मध्ये एक ठिपका. ठिपका इकडून तिकडे जातो आणि टक् करतो, तिकडून इकडे येतो आणि टक् करतो. मध्येच सगळे चित्र जत्रेतल्या पाळण्यासारखे खालून वर निघून जाते. आम्ही बराच वेळ पाहिले. मग विठाबाईने विचारले, 'खेळ कवा सुरू व्हायचा?' हाच खेळ, असे तुझ्या आईने सांगितले. महिपतीने हयातभर सांधे बदलले, त्याने ठिपक्याकडे अगदी कसून पाहिले आणि म्हणाला, 'बाई, ही गाडी नुस्ती अप-डाऊन करतीया. टेसन कुटं हाय?' आणि मग त्याने जो प्रश्न विचारला तो मी तुला जसाच्या तसा विचारते: 'आमी चौगं, अन काठ्या दोनच?' तुझ्या आईने कागद उलटून पाहिला आणि सांगितले की जोडीदार नसला तरी हरकत नाही, एक बटण दाबले की यंत्र आपणच दुसऱ्या बाजूने खेळते, यात म्हणे एक छोटा कॉम्प्युटर आहे, एकटीला पुरते. एकटीला पुरते, हे तिने दोनदा सांगितले. विठाबाई उठली आणि पत्ते घेऊन आली.

आता ऐक. चौथा की पाचवा डाव चालू. आत शेगडीवर संध्याकाळचे मटण. तुझी आई त्या यंत्रापाशी पाठ करून बसलेली, टक् टक् चालू. मी हुकूम म्हणून इस्पिकची दश्शी बंद करून ठेवली होती आणि वारा येतो म्हणून तिच्यावर पितळी तांब्या ठेवला होता. अशा वेळी पोलीस पाटील भिमाजीराव आणि तो बहिरू ओटीवर वहाणा काढत होते, हे आम्हाला काय ठाऊक? त्यांना बाहेर ऐकू गेले ते असे. महिपती ओरडला, 'बाई, आली बगा मेंढी! सोडू नका, कापा!' मी म्हटले, कापतेच. विठाबाई म्हणाली, 'कापा, कापा! एक गेली तर जाऊंद्या, दुसरी हाय माज्याकडं लपिवल्याली, ती तुमच्या बापाला गावायची न्हाई!' (माझ्या वडिलांचा उल्लेख खेळात होतो. खेळापुरता मी तो चालवून घेते.) त्याबरोबर ओटीवरून असा हंबरडा आला की निवृत्ती मास्तरांच्या हातचे सगळे पत्ते सुलटे पडले आणि त्यांच्याकडे बदामचा एक्का होता हे उगाच कळले.

भिमाजीराव आत आले. मी म्हटले, या पाटील, बसा. त्यांनी बसण्याचे नाकारले आणि दाराला टेकून, तोंड गंभीर करून विचारले, 'बाई, मेंढ्या कुटं हाईत?' मला वाटले, गृहस्थ खेळातला दर्दी दिसतो, आल्याआल्या डावाची चौकशी करतो. कॉन्व्हेंटात आम्हाला शिकवले होते की पाहुण्याने विचारले तर पूर्ण वाक्यात आणि स्पष्ट आवाजात उत्तर द्यावे. मी पूर्ण वाक्यात सांगितले की दोन माझ्यापाशी आहेत, एक विठाबाईपाशी असावी, आणि एक मी बंद करून ठेवली आहे.

'बंद? कुटं बंद?'

'ही काय, तांब्याखाली.'

पाटलांनी तांब्याकडे पाहिले. बहिरूने तांब्याकडे पाहिले. मग तो पाटलांना म्हणाला, 'आबा, बाईचं डोस्कं ठिकानावर न्हाई वो.' हे माझ्या घरात, माझ्या सतरंजीवर उभे राहून. मी काही बोलणार तोच पाटलांचे नाक हलले आणि त्यांनी विचारले, आत शिजतंय काय? मटण, मी म्हटले. कशाचं? हे तुम्ही जेवायला थांबणार म्हणून विचारता की पाटील म्हणून, असे मी विचारले, आणि मला वाटते तेवढे मी विचारायला नको होते. कारण बहिरू मटकन उंबऱ्यावर बसला आणि डोक्याला हात लावून रडायला लागला. 'शिजिवली वो! माजी बोरी शिजिवली!'

श्रीरंग, मी हसण्यावारी लिहिते आहे, पण तो माणूस खरोखर रडत होता. बोरी म्हणजे त्याच्या कळपाच्या पुढे चालणारी मेंढी. ती गेली तर मागचा कळप घाटात कोणाच्या मागे उतरणार? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात लख्ख पडले की हा मनुष्य कोणत्या मेंढ्या शोधतो आहे. मी तांब्या उचलला, चारी दश्श्या गोळा केल्या (विठाबाईने तिची लपवलेली द्यायला तेवढ्यातही का-कू केले), त्याच्यापुढे जमिनीवर मांडल्या आणि म्हटले, या आमच्या मेंढ्या. तुझी बोरी यात असली तर घेऊन जा. त्याने नाक पुसले. एकेक पत्ता उचलून पाहिला, मागूनही पाहिला. 'हिला मेंढी का म्हंत्यात?' त्याने विचारले. आम्ही चौघे वर्षानुवर्षे खेळतो, पण कोणालाच सांगता येईना. निवृत्ती मास्तर म्हणाले की याची व्युत्पत्ती पाहावी लागेल. त्यावर बहिरू म्हणाला, 'लोकर न्हाई, शिंग न्हाई, अन येवडं बोंबलताय? त्यापरास खऱ्या राका की!' पाटील हसले. मग विठाबाई हसली. मग ती हसता हसता पाटलांना म्हणाली, 'दाजी, माज्या खाचरात बसलेल्या मेंढ्या मी बाईला कापाया दीन व्हय? खत कुनी घालायचं, बाईनं?' आणि प्रकरण तिथेच संपले.

मटण बोकडाचे होते. हे मी कोणत्याही कोर्टात शपथेवर सांगेन. कायस्थ प्रभूच्या घरात जन्मून मला मेंढी आणि बोकड कळत नाही असे समजणाऱ्याने माझ्या हातचे खाऊ नये. पाटलांनी दोनदा वाढून घेतले. बहिरूने भाकरी खाल्ली, मटणाला हात लावला नाही, जोवर बोरी दिसत नाही तोवर खाणार नाही म्हणाला, आणि मला त्याचा हा बाणा फार आवडला. खाल्ले नाही ते एकट्या तुझ्या आईने. 'पोलीस' एवढा शब्द कानावर पडल्यापासून ती आतल्या खोलीत पिशवी भरत होती, ती संध्याकाळच्या गाडीने पुण्याला गेली ती गेलीच. मटण टाकून गेली, त्यावरून तिला बसलेला धक्का खरा होता, हे मी मान्य करते.

दुसऱ्या दिवशी मेंढ्या सापडल्या. खंडाळ्याच्या एका हॉटेलचा माळी विचारत आला की कोणाच्या मेंढ्या आमच्या हिरवळीवर आहेत, त्यांनी सगळे डेलिया खाल्ले. मालकाला वाटले होते की शूटिंगवाल्यांच्या असतील, म्हणून त्याने त्यांना हाकलले नव्हते, उलट पाहुण्यांच्या मुलांना त्यांच्याशेजारी उभे करून फोटो काढून घेतले. बोरी सर्वांत पुढे उभी होती म्हणे. बहिरू घाट उतरण्याआधी मुद्दाम सांगायला आला, ओटीवर टेकला, एक डाव पुरा बघितला आणि जाताना विठाबाईला म्हणाला, 'मावशे, तुज्या मेंढ्या राकायला येक कुत्रं पाळ.' तिने त्याला लावलेली विशेषणे मी विमानाच्या टपालाने पाठवू शकत नाही.

आता हे सगळे वाचून तू म्हणशील की आत्या, हेच तर मी म्हणतो, असल्या भानगडी तुला या वयात हव्यात कशाला? यंत्रात भानगड नाही. बरोबर. म्हणूनच तर तो खेळ नाही. मी तुझे यंत्र प्रामाणिकपणे खेळून पाहिले, एकटीने, ते बटण दाबून. मी हरले तर यंत्राला आनंद नाही. मी जिंकले तर त्याचे तोंड पडत नाही, कारण त्याला तोंड नाही. मग मी कशासाठी जिंकायचे? विठाबाई हरली की दुसऱ्या दिवशी दुधात पाणी जास्त असते, आणि ते पाणी बघून मला जे समाधान वाटते ते तुझ्या ठिपक्यात कुठून येणार? आम्हाला कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नाडेट सांगत की पत्ते म्हणजे सैतानाची पोथी, आणि शनिवारी पावसात त्याच बाई आमच्याबरोबर ल्यूडो खेळत आणि फासा टेबलाखाली पडला की वाकून सहा करून आणत. त्यांना मी तेव्हाही तोंडावर सांगितले होते आणि दोन दिवस कोपऱ्यात उभी राहिले होते. पण बाई वाकत होत्या, लाल होत होत्या, चिडत होत्या. माणूस होत्या. मी हयातभर कानाला यंत्र लावून लोकांना लोकांशी जोडून दिले. त्यातली मला एकच गोष्ट पक्की समजली की पलीकडून कोणी बोलत नसेल तर कॉल लागलेला नाही, मग खटके कितीही वाजोत. तुझे यंत्र टक् टक् करते. पलीकडे कोणी नाही. तू मला एकटीने खेळायचे यंत्र पाठवलेस, श्रीरंग, आणि वर पत्रात लिहिलेस की तू एकटी असतेस याची काळजी वाटते. दोन्हींतले एक काहीतरी ठरव.

तेव्हा कुलूप आणू नकोस. मी येत नाही. पुण्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, खाली कोण राहते हे तुझ्या आईला चार वर्षांत कळलेले नाही, आणि वर कोण राहते हे कळून घ्यायची तिची इच्छा नाही. तिथे मी खिडकीत बसून रस्त्यावरची वाहने मोजणार? तुझे निम्मे घर विकायचे असेल तर खुशाल वीक, तुझा हक्क आहे. पण माझ्या निम्म्यात ओटी येते, सतरंजी येते आणि दुपारी आतून कडी न लावण्याचा अधिकार येतो. पोलीस पाटील पुन्हा आले तर त्यांना मटण वाढीन. पोलीस आले तरी वाढीन. फौजदार आले तर आधी विचारीन की मेंढीकोट येतो का.

सूनबाईला आशीर्वाद. छोटीला पत्ते पिसायला शिकव, बोटांना वळण लागते. थंडीत जप.

तुझी,
मनूआत्या

ता. क. मन दुखावून घेऊ नकोस. यंत्र वाया गेलेले नाही. निवृत्ती मास्तरांना ते फार आवडले. ठिपका त्यांच्याच गतीने चालतो, आणि उतारी करा म्हणून त्यांच्यावर कोणी खेकसत नाही. मागच्या सोमवारी त्यांनी ते 'जरा पाहतो' म्हणून पुतण्याच्या घरी (त्याच्याकडेही टीव्ही आहे) नेले, तेव्हापासून ते पत्त्यांना फिरकलेले नाहीत. महिपती बोलवायला गेला तर म्हणाले, आता नको, रंगात आलोय. म्हणून माझी तुला हात जोडून विनंती आहे की त्या यंत्राच्या बॅटऱ्या संपतील तेव्हा नव्या तिकडून कोणाबरोबरही, कसल्याही परिस्थितीत, पाठवू नकोस. तोवर आम्ही तिघे पाच-तीन-दोन खेळतो. भिकार खेळ आहे. तिघांत भांडण नीट लागत नाही, एक जण सारखा समजूत घालत बसतो.

ता. क. २. हे लिहायचे की नाही यावर माझी दोन दिवस रात्रीची झोप गेली, म्हणून लिहून मोकळी होते. त्या रविवारी तुझी आई टांग्यात बसली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. मी पिशवी वर दिली. ती घेता घेता ती रागाने म्हणाली, 'मनूताई, मेंढी कधी बंद ठेवतात का? लहान पत्ता ठेवायचा. दिलीत ना एक उगाच हातची घालवून.' मग टांगा हलला. ती सबंध दुपार पाठ करून बसली होती असे मला वाटले होते. पण टीव्हीच्या काळ्या काचेत आमचा सगळा डाव दिसत होता आणि ती तो बघत होती. तिला मेंढीकोट येतो, हे तुझ्या वडिलांनी मला कधी सांगितले नाही. मीही कधी विचारले नाही.

ता. क. ३. तिला पुण्यात कोण आहे? मी तिला बोलावणार नाही आणि मी बोलावले तर ती येणार नाही. तू असे कर. तिला लिही की आत्याचे काही खरे नाही, तिच्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी हवे, निदान नाताळपर्यंत तू जाऊन राहा. ती कर्तव्य म्हणून लगेच येईल, आणि माझ्यावर उपकार म्हणून राहील. मी कुरकूर करीन, तिकडे लक्ष देऊ नकोस. महिपतीला मी विठाबाईच्या बाजूला देते. आम्ही दोघी शेजारी शेजारी इतकी वर्षे कधी नीट बसू शकलो नाही, हे खरे आहे. पण मेंढीकोटात भिडू समोरासमोर बसतात.